परवानगी मागणारा डबा

चैत्र लागला आणि माझं बूड पुन्हा ठरेनासं झालं. आंबवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून गच्चीवर आणलं, ओल्या फडक्यावर पहिली बिबडी, आमचा ज्वारीचा पापड, थापली, खाटेवर उलटी केली, फडकं हळूच सोलून काढलं आणि तशीच बसून राहिले. कान खाली अंगणाकडे. जळगावची दुपार अजून यायची होती, पण तिची तयारी सकाळपासूनच दिसत होती. फरशी तापायला लागलेली, कावळा चोच उघडी टाकून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेला. खाली कुणी नव्हतं. तरी मला वाटत राहिलं की आता तो आवाज येईल. बारीक, दातांच्या मुळाशी जाणारा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी कुजबुज सुरू होते ना, ती कुणी तरी लांबवत लांबवत नेली तर कसं वाटेल, तसा. गेल्या वर्षी खाली कसलाही आवाज झाला की मी पिठाच्या हातानंच जिना उतरायचे. सून मागून ओरडायची, "आई, पीठ पातेल्यातच वाळेल." वाळू दे म्हणायचे.

गेल्या वर्षीचा चैत्र मी असा उभ्यानं काढला. बसले असेन तर जेवायला, तेही एक गुडघा वर ठेवून, म्हणजे उठायला सोपं.

त्याला कारण एक डबा. माझी नात सई, माझ्या मुलाची, प्रमोदची लेक, पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सची शेवटची परीक्षा देऊन घरी आली आणि तिच्या मागोमाग धुळ्याहून एक पिकअप आली. पिकअपमध्ये एक मोटर, बॅटरीचे काही जड ठोकळे, नारिंगी रंगाच्या जाड वायरी, आणि ॲल्युमिनियमचा एक डबा. दिसायला पापडाच्या डब्याएवढा, उचलायला पाट्यासारखा. आणि ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीत खरबुजासारखं डांगर घेऊन, जुबेदा.

जुबेदा माझी धुळ्याची मैत्रीण. एका गल्लीत, समोरासमोरच्या दारांत वाढलो. तिच्या वडिलांचं जळलेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. तिचा मुलगा रफीक आता हायवेवर भंगाराचं गोदाम चालवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खान्देशात लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोका बांधतात. माझ्या माहेरी आता दार उघडायला कुणी उरलं नाही. म्हणून आखाजी जवळ आली की जुबेदाच माझ्याकडे येऊन राहते. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, तू कशी काय आलीस गं? तर म्हणाली, "मीच तुनं माहेर शे." तेव्हापासून मी विचारत नाही.

सामान रफीकच्या गोदामातलं. एका इलेक्ट्रिक गाडीला ट्रकनं मागून चेपलं होतं. माणसं वाचली, गाडी मागून संपली आणि पुढून जशीच्या तशी राहिली. सईनं फोनवर फोटो पाहिले आणि रफीकला सांगितलं, "भाऊ, पुढचं सगळं मला पाहिजे. काहीही कापू नका." तिला त्या मेलेल्या गाडीचं काळीज काढून आमच्या जीपमध्ये बसवायचं होतं.

जीप नानांची. नाना म्हणजे माझे यजमान. गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. केळीचा व्यापार होता. फैजपूर, सावदा, रावेर असं हिंडणं. त्यांची शेवटची फेरी झाली तेव्हा त्यांनी जीप आत घेतली, तिचं नाक मागच्या भिंतीला टेकवलं, कडुनिंबाच्या सावलीत उभी केली, आणि ती तशीच राहिली. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे, रुसून बसलेल्या पोरीसारखी. पुढे इंजिन जाम झालं. प्रमोदनं इंजिन आणि गिअरचा डबा विकून टाकला. राहिला सांगाडा, त्यावर निंबोळ्या.

प्रमोदनं नवी गाडी घेतली आणि त्याला ती सावली पाहिजे झाली. एक दिवस पोहे खाताना तो म्हणाला, "आई, ती जीप नाही, ते गंजाचं झाड आहे. काढून टाकू."

"सई चालवून दाखवणार आहे ती," मी म्हटलं.

"सईनं मागं मिक्सर उघडला होता. अजून मी चटणी वाटलेली खाल्ली नाही."

सई ताटलीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, अट घाला. मग बोलू."

प्रमोदनं अट घातली. आखाजीच्या दिवशी ही गाडी स्वतःच्या जोरावर, कुणी न ढकलता, फाटकाबाहेर गेली तर राहील. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी रफीकची क्रेन येईल. "जुबेदामावशी साक्षीला आहे," असंही म्हणाला. म्हणजे गंमत बघा, ज्या गोदामातून हा डबा आला, त्याच गोदामात जीप जाणार.

प्रमोदला वाटतं, मला ती जीप नानांची आठवण म्हणून हवी आहे. सुनेलाही तसंच वाटतं. मी हा गैरसमज लोणच्यासारखा जपला आहे. म्हातारीच्या हट्टाला आठवणीचा पदर असला की लोक फार बोलत नाहीत. खरं कारण निराळं होतं. त्या जीपमध्ये मी अर्धं आयुष्य डाव्या बाजूला बसले. मला एकदा उजव्या बाजूला बसायचं होतं.

तशी एकदा बसले होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, डोळ्यांवर धुळ्याहून आणलेला काळा चष्मा होता, आणि स्वतःबद्दल माझं मत अतिशय चांगलं होतं. फैजपूरच्या रस्त्यावर, दोन्हीकडे केळीच्या बागा, नाना म्हणाले, "क्लच हळू सोड." मी एकदम सोडला. जीप उडी मारून निघाली आणि समोर एक म्हैस आली. त्या क्षणी या बाईनं काय करावं? ब्रेक दाबावा, स्टिअरिंग वळवावं. मी स्टिअरिंग सोडून म्हशीला हात जोडले. म्हैस शहाणी होती, बाजूला झाली. जीप केळीत घुसली. नाना केळीचं फाटकं पान माझ्या केसांतून काढून म्हणाले, "तू डावीकडेच बरी." आणि मी, मूर्ख पोर, त्यावर खूश झाले. मला वाटलं, किती काळजी करतात माझी.

त्यानंतर मी फक्त स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढून घेतला, काळ्या चष्म्यासकट, आणि धुळ्याला पाठवला. गल्लीनं तो फोटो हातोहात फिरवला. मी मनात फुगले होते. जुबेदानं पुढच्या भेटीत पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "जीपले पुढलं चाकच नव्हतं व निमा, तू काय हवामा चालाडत व्हती का?" पंक्चर काढायला चाक काढलेलं होतं, जॅक लावलेला होता, आणि मी त्यावर ऐटीत बसले होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बठ्ठ्या गल्लीच्या आलं होतं.

तर डबा. तो अंगणालगतच्या पडवीत लाकडी टेबलावर आला आणि मी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. सईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "इन्व्हर्टर." आता जळगावात लाइट जाते, घराघरात इन्व्हर्टर असतो, पंखा आणि दोन बल्ब चालवतो. मी भाजीवालीला सांगितलं, नात इन्व्हर्टरमधली तज्ज्ञ झाली आहे. दुसऱ्या दिवशी पडवीत बायका. एकीनं हातगाडीवर टाकून आणलेला, एकीनं जावयाच्या खांद्यावर. एकीचा तर पाण्यात भिजलेला, त्यातून पाल निघाली. सईनं कपाळाला हात लावला. "आजी, हा तो इन्व्हर्टर नाही गं."

"मग नाव तेच कशाला ठेवलं?"

"काम एकाच जातीचं आहे. बॅटरीतली वीज एका दिशेनं सरळ येते. मोटरीला ती तशी चालत नाही."

मग तिनं समजावलं, आणि ते मला इतकं आवडलं की मी नंतर गल्लीभर सांगितलं. जत्रेत हातानं ढकलायचा गोल पाळणा असतो ना, त्याच्या भोवती तीन माणसं उभी राहतात. एक ढकलतो, मग दुसरा, मग तिसरा, पुन्हा पहिला. पाळी चुकली नाही तर पाळणा गरगर फिरतो. मोटर म्हणजे पाळणा. तिच्याकडे जाणाऱ्या तीन जाड वायरी म्हणजे तीन माणसं. आणि हा डबा मधे उभा राहून ओरडतो, आता तू, आता तू, आता तू. पाळणा कुठवर आलाय ते बघायला मोटरीच्या आत एक डोळा असतो, तो डब्याला सांगत राहतो.

जुबेदा बायकांच्या त्या गर्दीत डांगर कापत बसली होती. तिनं मान वर केली. "काय व निमा, मग हाऊ डबा बोलस का?"

"बोलतो," सई म्हणाली. "त्याचाच वांधा आहे."

वांधा असा होता. सईनं बॅटरी जोडली, मोटर जोडली, सगळं सरळ केलं, आणि डबा ढिम्म. तिनं लॅपटॉपला एक बारीक वायर लावून तो काय बोलतो ते ऐकायला सुरुवात केली. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरसर खाली पळायच्या. जुबेदानं चष्मा लावून बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ह्या मटकाना आकडा शेतस का व?" सई हसली, म्हणाली, मटका असता तर एव्हाना लागला असता.

मग ती मला म्हणाली, "आजी, हा विचारतोय."

"कुणाला?"

"गाडीला. चावी लावली का, ब्रेक दाबलाय का, बॅटरी बरी आहे का, दार लागलंय का. एकसारखा विचारतोय. उत्तर आलं नाही की हलत नाही."

"अगं, पण गाडी तर चेपली. सगळी मेली."

"त्याला कुणी सांगितलंय?"

मी हसायला लागले आणि मधेच थांबले. ही बाई मी ओळखत होते. धुळ्याहून जळगावला सून म्हणून आली तेव्हा ती अशीच होती. खिडकी लावू का? दूध उतरवू का? भाताला शिट्ट्या किती देऊ? मोरीतला दिवा मालवू का? सासूबाई कंटाळून एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, श्वास घ्यायचा असेल तर घे, मला विचारू नको." आणि मी मान डोलावून विचारलं होतं, "बरं. मग आता चहा टाकू का?" पुढे सासूबाई गेल्या. तरी कितीतरी दिवस मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचे, आतून उत्तर येईल म्हणून. घर सगळं रिकामं, आणि ही हातात पातेलं घेऊन उभी. डब्याहून मी वेगळी नव्हते. फक्त माझं वजन त्याच्याहून कमी होतं तेव्हा.

सई म्हणाली, "आपण त्याला उत्तरं देऊ. खोटी."

"खोटी चालतात?"

"वेळेवर दिली की चालतात."

तेव्हा मला वाटलं, ही पोर नुसती इंजिनीअर नाही, हिला संसारही जमेल.

सातासमुद्रापलीकडे कुणा एकाकडे तशीच गाडी धडधाकट होती, आणि त्यानं तिच्या पोटातलं सगळं बोलणं टिपून लोकांसाठी ठेवलं होतं. ते सईनं घेतलं. त्यातला कोणता आकडा म्हणजे चावी, कोणता म्हणजे ब्रेक, हे मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं एकेक आकडा बदलायचा, पाठवायचा, डबा काय म्हणतो ते बघायचं. डबा दर वेळी एका आकड्यानं तक्रार करायचा. तो आकडा मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. मी लसूण सोलत आकडा वाचायचे. बरेच दिवस एकच आकडा. मग एका सकाळी दुसरा. सई उठून नाचली. मी म्हटलं, अगं तक्रार आहे अजून. ती म्हणाली, "नवी तक्रार आहे ना. जुनी मिटली."

ते दिवस मला काही करू देत नव्हते. पाय फिरत राहायचे. गच्ची, जिना, पडवी, फाटक, पुन्हा गच्ची. बिबड्या एका बाजूनं करपल्या, दुसऱ्या बाजूनं ओल्या राहिल्या. शेजारणी फाटकावरूनच विचारायच्या, "आज कोणता आकडा?" आणि प्रमोद जाता-येता टेप घेऊन सावलीची लांबी मोजायचा.

आणि भीती होती. ती मी कुणाला सांगितली नाही. त्या बॅटरीचे ठोकळे एकापुढे एक जोडले की त्यांत माणूस मारण्याइतकी वीज होती, आणि घरातल्या विजेसारखी ती हिसडा देऊन सोडत नाही, धरून ठेवते, असं सईनंच सांगितलं होतं. बॅटरी काढली तरी डब्याच्या पोटात वीज काही वेळ उरते. म्हणून मीटरची सुई शून्यावर आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सई जाड रबरी हातमोजे घालायची आणि काम करताना डावा हात कायम पाठीमागे ठेवायची. एका हातातून शिरलेली वीज छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये म्हणून. एकदा माझ्या हातातून चमचा पडला, डब्याच्या शेजारी. मी वाकले. सई इतक्या जोरात ओरडली की निंबाची पाखरं उडाली. "आजी, हात मागे."

मी हात मागे घेतले. जुबेदानंही घेतले, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग आम्ही दोघी तिथे रोज तशाच उभ्या राहायला लागलो, हात मागे बांधून. धुळ्याच्या शाळेत बाई वर्गाबाहेर काढायच्या तेव्हा अशाच उभ्या असायचो. तेव्हाही जुबेदा हसू दाबायची आणि मी फरशा मोजायचे.

आता हे लिहिताना गच्चीवरची पहिली बिबडी वाळली आहे, कडा वर उचलल्या गेल्या आहेत. सई यंदा चेन्नईला आहे, आखाजीला येते म्हणाली आहे. येते म्हणालेली माणसं येईपर्यंत मला घरातल्या सगळ्या खुर्च्या टोचतात. उठून खाली गेले, फाटक उघडं आहे का बघून आले. उघडं होतं. मग ते नीट उघडं आहे का, हे बघायला पुन्हा गेले.

तर त्या दुपारी, आखाजी तोंडावर आली असताना, जीप लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवलेली होती. मागची चाकं अधांतरी. भुसावळच्या एका लेथवर करून आणलेल्या तुकड्यानं मोटर मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याला जोडलेली. सईनं शेवटचं खोटं उत्तर पाठवलं. मी आकडा वाचायला वाकले तर आकडाच नव्हता. नुसतं शून्य. सई म्हणाली, "आजी, पॅडल." माझा पाय जमिनीवर ठेवलेल्या वेगाच्या पॅडलवर होता, कारण हे काम मी मागून घेतलं होतं. मी दाबलं, अगदी थोडं, गरम तव्याला बोट लावतात तसं.

तो आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आणि चाक फिरलं. निंबोळ्या चिकटलेलं, वर्षानुवर्षं न हललेलं चाक फिरलं. सई खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेतली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते तेवढ्यात जुबेदा म्हणाली, "निमा, चाक उलटं फिरी ऱ्हायनं."

खरंच उलटं. त्या गाडीत मोटर आडवी होती, आमच्या जीपमध्ये ती उभी आणि तोंड फिरवून बसली होती. तिचं पुढे ते आमचं मागे. त्या गाडीचा मागे जायला टाकायचा गिअरचा दांडा रफीकला मिळाला नव्हता, आणि 'मागे' या शब्दाचा आकडा सईला अजून सापडला नव्हता. डब्याला एकच दिशा माहीत होती, आणि ती चुकीची होती.

आता खान्देशात या दुखण्याला औषध आहे, आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विहिरीवरचा पंप उलटा फिरला की तीन वायरींमधल्या कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या. पंप सुलटा होतो. मी म्हटलं, "दोन वायरी बदल." प्रमोद म्हणाला, "हो, बदल." जुबेदा तर मोटारी भरणाऱ्याची लेक, ती म्हणाली, "बदल व, त्यामा काय इतकं."

सई म्हणाली, "पंपात डोळा नसतो, आजी. याच्यात आहे."

"असू दे डोळा. वीज ती वीज."

ती थकली होती आणि आम्ही तिघं होतो. तिनं मीटर शून्यावर येऊ दिला, वायरी बदलल्या. मी पॅडल दाबलं. मोटर फिरली नाही, गुरगुरली. सगळी जीप ठोकळ्यांवर थरथरली, पडवीतल्या पितळी घागरीनं आवाज दिला, आणि डबा बंद पडला. पडद्यावर असा आकडा आला जो मी कधी वाचला नव्हता.

मला जत्रेतला पाळणा आठवला आणि सई सांगायच्या आधीच कळलं. पाळण्याभोवतीच्या दोन माणसांनी जागा बदलल्या होत्या, पण मधे ओरडणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. डोळा म्हणत होता पाळणा इकडे आलाय, आणि ढकलणारा दुसरीकडे. सगळ्यांनी मिळून पाळणा ओढून धरला होता.

 वायरी पूर्ववत करून सई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. मी तिच्या दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. माझ्या तरुणपणी मला कशातलंच काही कळत नव्हतं आणि मी प्रत्येक गोष्ट विचारायचे. म्हातारपणी मला सगळंच कळायला लागलं आणि मी कुणाला विचारेनाशी झाले. यातली जास्त धोक्याची बाई कोणती, हे मी त्या पडवीत उभी राहून बराच वेळ ठरवत होते. डबा जळाला असेल तर, या पोरीचा उन्हाळा माझ्या एका पंपानं जाळला होता.

सकाळी तिनं बॅटरी जोडली. शून्य आलं. डबा जळाला नव्हता, त्यानं स्वतःला वाचवायला डोळे मिटून घेतले होते. पण फिरायला तो अजूनही उलटाच होता, आणि दुसऱ्या दिवशी आखाजी.

आखाजीला पितरांच्या घागरी भरल्या, नानांच्या नावाची एक, तिच्यावर जुबेदानं आणलेलं दुसरं डांगर ठेवलं. पुरण झालं, आमरस झाला. जीप ठोकळ्यांवरून खाली उतरवलेली होती, पॅडल आत बसवलेलं. सईचे डोळे सुजलेले. प्रमोदही विरघळला होता. म्हणाला, "क्रेन चार दिवसांनी बोलावतो, तोवर बघ." सई म्हणाली, "नको. अट ती अट." बापाचीच लेक.

कडुनिंबाला झोका बांधला होता, जीपच्या बाजूला. या वयात झोक्यावर बसू नये असं सून म्हणते, म्हणून मी बसले. जुबेदानं ढकललं. झोका पुढे गेला, माझे पाय भिंतीकडे, डोळ्यांसमोर चुना. झोका मागे आला, पाठीला फाटकाकडून येणारी झुळूक लागली. पुन्हा भिंत. पुन्हा झुळूक. शेजारी जीप, तिचंही तोंड भिंतीकडे. मी पाय जमिनीला घासून झोका थांबवला.

"सई, फाटक कुठे आहे गं?"

"काय आजी. मागे."

"आणि गाडीला जायचंय कुठे?"

सई माझ्याकडे बघत राहिली. मग जीपकडे. मग तिनं तोंडावर हात ठेवला. जुबेदा आधी हसली, भिंतीला हात टेकून. इतके दिवस आम्ही सगळे, शिकलेले आणि न शिकलेले, पुढे म्हणजे पुढे हेच धरून बसलो होतो.

लॅपटॉप आणि वीज तोडायचं लाल बटण सईच्या हातात असायला हवं होतं, म्हणून ती डावीकडे बसली. उजवी बाजू रिकामी होती. मी पदर खोचला आणि चढले. डबा विचारत होता, चावी लावली का, ब्रेक दाबलाय का, आणि सई त्याला उत्तरं पुरवत होती. मी कुणालाच काही विचारलं नाही. प्रमोद पडवीतून धावत आला. "आई, तू? तुला येतं का?"

"तुझ्या अटीत कोण चालवणार ते नव्हतं."

"अगं, पण..."

फाटकाशी जुबेदा उभी होती, गल्ली दोन्ही बाजूंनी बघून हात हलवत. "येऊ दे, येऊ दे. बठ्ठं मोकळं शे." मी मान वळवली, खांद्यावरून मागे नजर लावली, एक हात सीटच्या पाठीवर टाकला, नाना टाकायचे तसा. पाय पॅडलवर ठेवला. तो बारीक आवाज सुरू झाला, दातांच्या मुळाशी, आणि जीप भिंतीपासून सुटली. बोनेटवरच्या निंबोळ्या घरंगळल्या. म्हैस नव्हती, पण असती तरी मी हात जोडले नसते.

मागची चाकं फाटकाच्या पट्टीवर चढली तेव्हा प्रमोद ओरडला, "आई, पुढे बघ."

"पुढे भिंत आहे रे," मी म्हटलं, आणि पॅडल आणखी थोडं दाबलं.